ट्रकची कुंडली

घोडबंदर रोड मला दाव्यांच्या फायलींवरून पाठ आहे. कापूरबावडीच्या फायली बहुतेक पायी चालणाऱ्यांच्या. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ इथल्या दुचाकीवाल्यांच्या. सर्व्हिस रोडवरून मुख्य रस्त्याला लागताना कंटेनरच्या डाव्या बाजूला अडकलेले. ओवळा, भाईंदरपाड्याकडे अंधारात उभ्या ट्रेलरला मागून धडक. गायमुखच्या घाटात उतारावर ताबा सुटलेले ट्रक. मी वकील नाही. ठाण्याच्या कोर्टात मोटार अपघाताचे दावे चालवणाऱ्या एका वकीलसाहेबांकडे कारकून आहे. नकला काढणं, कागद जमवणं, तारखा सांभाळणं हे माझं काम. राहायला ओवळ्याला, त्यामुळे ऑफिस सुटलं तरी विषय सुटत नाही.

कागदोपत्री हा राज्य महामार्ग. माजिवड्याला मुंबई-नाशिक महामार्ग सोडायचा आणि वर्सोवा पुलाजवळ, फाउंटन हॉटेलपाशी, अहमदाबाद महामार्गाला लागायचं. उरणच्या जेएनपीटी बंदरातून गुजरातकडे निघालेला कंटेनर कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव करत इथूनच जातो. मधल्या काळात याच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टॉवर झाले, शाळा झाल्या, मेट्रोचे खांब आले. चाळीस फुटी कंटेनर आणि डबा घेऊन निघालेली ॲक्टिव्हा एकाच सिग्नलला शेजारी शेजारी उभे. जड वाहनांना दिवसा ठरावीक वेळी बंदी असते, वेळा अधिसूचनेप्रमाणे बदलतात. बंदी उठली की थांबवून ठेवलेली सगळी रांग एकदम सुटते, आणि त्या अर्ध्या तासात रस्ता ओलांडायचा तर देवाचं नाव घ्यावं.

अपघातानंतर घरचे लोक ऑफिसात येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, "ड्रायव्हरला सोडणार नाही ना?" माझा पहिला प्रश्न असतो, "गाडीचा नंबर आहे का? फोटो आहे का?" लोकांना राग येतो. मुलगा आयसीयूत आणि हा नंबर विचारतोय! पण ड्रायव्हरवरचा खटला सरकार चालवतं. पूर्वी भारतीय दंड संहितेची कलमं लागायची, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेची लागतात. त्यात ड्रायव्हरला शिक्षा झाली म्हणून जखमीचं हॉस्पिटलचं बिल फिटत नाही. भरपाई मागायची ती वेगळ्या दारात, मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे. आम्ही त्याला नुसतं एमएसीटी म्हणतो. आणि एक गोष्ट मी हमखास सांगतो: ड्रायव्हर फौजदारी कोर्टातून निर्दोष सुटला तरी दावा बुडत नाही. तिकडे गुन्हा संशयापलीकडे शाबीत व्हावा लागतो, इकडे कोणाची हकीकत जास्त संभवते एवढंच पाहतात.

दाव्यात समोर ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी असतात. पैसे देण्याची ऐपत बहुतेक वेळा शेवटच्याचीच असते. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक ट्रकला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि तिऱ्हाइताच्या जखमेसाठी किंवा मृत्यूसाठी त्यात रकमेची ठरावीक मर्यादा नसते. म्हणून नंबर. नंबर हाती आला की एमपरिवाहन ॲपवर टाकायचा. नोंदणी कुठली, विमा कधीपर्यंतचा, फिटनेस आहे का, हे जागेवर कळतं. मग आरटीओकडून रीतसर उतारा, परमिट, ड्रायव्हरचं लायसन्स कुठल्या वर्गाचं, पॉलिसीची नक्कल. साहेब म्हणतात, आधी ट्रकची कुंडली मांडा, मग बोलू.

आमच्या रस्त्यावर एनएल ०१ ने सुरू होणारे ट्रेलर बरेच दिसतात. नोंदणी नागालँडची, फिरणं कळंबोली ते गुजरात. मालकाचा पत्ता दिमापूरचा. समन्स जातं आणि 'या पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत येतं. लोक हबकतात, आता नागालँडला जायचं का? नाही. अपघात जिथे झाला, जखमी जिथे राहतो किंवा धंदा करतो, किंवा सामनेवाला जिथे राहतो, यांपैकी कुठेही दावा लावता येतो. गैरहजर मालकाविरुद्ध एकतर्फी चालतं. विमा कंपनीचा वकील मात्र प्रत्येक तारखेला हजर असतो.

त्याची हत्यारं ठरलेली. लायसन्स खोटं होतं, परमिट संपलं होतं, फिटनेस नव्हतं, म्हणजे पॉलिसीची अट मोडली, सबब आमची जबाबदारी नाही. असल्या भांडणात जखमीने भरडलं जाऊ नये म्हणून अनेकदा न्यायाधिकरण 'पे अँड रिकव्हर' असा हुकूम देतं: कंपनीने आधी जखमीला द्यावेत, मग मालकाकडून वसूल करावेत. छोट्या टेम्पोच्या ड्रायव्हरकडे साधं कारचं लायसन्स आहे, हा आक्षेपही नेहमीचा होता. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की तेवढ्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवता येतं. तो आक्षेप आता निम्मा गळाला. विमाच नसेल तर मात्र भार मालकावर. हुकमाची वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होऊ शकते, पण मालकाच्या नावावर एक जुनाट डंपरच असेल तर जिल्हाधिकारी तरी काय करणार?

हे झालं ट्रकचं. जखमीच्या बाजूचे कागद पहिल्या आठवड्यातच बनतात किंवा बिघडतात, आणि बिघडतात ते बहुधा हॉस्पिटलच्या टेबलावर. औषध कंपनीत काम करणाऱ्या एका मुलाची फाईल सांगतो. वाघबीळला ट्रेलरने कट मारला, बाइक सरकली, मांडीचं हाड मोडलं. मित्राने रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. तिथे विचारलं, काय झालं? पोलिसांचं झंझट नको म्हणून मित्र म्हणाला, "बाइक स्लिप झाली." केसपेपरवर तेवढंच आलं. अकरा दिवसांनी शुद्धीत येऊन मुलाने ट्रेलरचं सांगितलं, तेव्हा एफआयआर झाला. विमा कंपनीच्या वकिलाने उलटतपासात तो केसपेपर हातात धरून एकच ओळ तीन वेळा वाचून दाखवली. एफआयआरला उशीर झाला एवढ्यावरून दावा खोटा ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच म्हटलंय. पण केसपेपरची ती ओळ पुसता येत नाही. एका हॉटेलचं सीसीटीव्ही मिळालं म्हणून ती फाईल वाचली. तेव्हा जखमीसोबत जो जाईल त्याने केसपेपरवर खरं तेच लिहून घ्यावं, 'ट्रकची धडक' आणि माहीत असेल तर नंबर. मदतीला धावणाऱ्याला पोलीस अडकवतील ही भीती जुनी झाली. मोटार वाहन कायद्यातल्या नव्या कलम १३४-अ ने त्याला संरक्षण आहे. नाव सांगायचीही त्याच्यावर सक्ती नाही.

दुसरा कागद घटनास्थळाच्या पंचनाम्याचा. रस्त्याची रुंदी, दुभाजकापासून वाहनाचं अंतर, ब्रेकच्या खुणा, फुटलेल्या काचा, दिवे चालू होते की बंद, हे सगळं त्यात यायला हवं. पण घोडबंदरवर अपघात म्हणजे कापूरबावडीपर्यंत कोंडी. क्रेन आधी येते, ट्रक बाजूला होतो, आणि पंच पोचतात तेव्हा रस्ता झाडल्यासारखा मोकळा. म्हणून गाड्या हलायच्या आत चारही बाजूंनी फोटो काढावेत, मागचा खांब किंवा दुकानाची पाटी येईल असे. त्यात हद्दीचा घोळ. गायमुखच्या पुढे ठाणे शहर पोलिसांची हद्द संपून मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाची सुरू होते. घाटातल्या अपघाताला 'आमच्याकडे नाही' ऐकायला मिळालं तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायला सांगा. नवीन नागरिक सुरक्षा संहितेत तशी स्पष्ट तरतूद आहे.

२०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि न्यायाधिकरण त्या अहवालालाच दावा मानू शकतं. छान कल्पना आहे. पण त्याच्या भरवशावर घरी बसू नका. १ एप्रिल २०२२ पासून दावा लावायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली गेली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेशही दिला. तो अंतरिम आहे, अंतिम नाही. मी पक्षकारांना सहा महिनेच सांगतो.

धडक देऊन ट्रक पळालाच आणि नंबर कोणाला मिळालाच नाही, तर सरकारी योजना आहे: मृत्यू झाला तर २ लाख, गंभीर जखम असेल तर ५० हजार. तिथे एमएसीटी नाही, अर्ज महसूल खात्याकडे.

उभ्या ट्रेलरच्या दाव्यांत हमखास युक्तिवाद येतो, "आमची गाडी जागेवर उभी होती, यानेच येऊन मागून ठोकलं." त्यावर साहेब एक जुना निकाल काढतात, आपल्याच सातारा जिल्ह्यातला. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे तेव्हाच्या राष्ट्रीय महामार्ग ४ वर, कवठे गावाजवळ, पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याखाली जाऊन आडवा पडला आणि पेट्रोल गळू लागलं. आजूबाजूचे लोक जमले. साधारण चार तासांनी, सकाळी सव्वासातच्या सुमारास, स्फोट झाला आणि जमलेल्यांपैकी काही जण भाजून गेले. मालक आणि विमा कंपनी म्हणाले, टँकर तर तेव्हा बंद पडलेला होता, म्हणजे वाहनाचा 'वापर' चालू नव्हता. शिवाय टक्कर आणि स्फोट यांचा काय संबंध? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की बंद पडलेलं, उभं असलेलं वाहनही वापरात असू शकतं, आणि तो स्फोट त्या वाहनाच्या वापरातूनच उद्भवला. तेव्हा चूक कोणाची हे न बघता मिळणारी रक्कम होती १५ हजार. एका माणसाच्या जिवापायी तेवढ्या रकमेसाठी कंपनी दिल्लीपर्यंत लढली, हे मला अजून पचत नाही. आता त्याच प्रकारची, चूक न बघता मिळणारी रक्कम मृत्यूला ५ लाख आणि गंभीर जखमेला अडीच लाख आहे.

या अडीच लाखांत एक मेख आहे. कलम १६४ खालची ही रक्कम तुम्ही कंपनीकडून स्वीकारलीत की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. साध्या फ्रॅक्चरला ती परवडते. पण हात गेलेल्या, मणका मोडलेल्या माणसाने घाईत ती घेतली तर मोठं नुकसान होतं.

ते किती, हे कासारवडवलीच्या एका शिंपीणताईंच्या दाव्यावरून सांगतो. वय ३४, घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवायच्या. नवऱ्यामागे स्कूटरवर बसलेल्या असताना डंपरने घासलं. उजव्या हाताची बोटं वाचली, पण अंगठा आणि तर्जनी आखडली. सर्टिफिकेट मिळालं ३५ टक्के अपंगत्वाचं. बहुतेक लोक, काही वकीलसुद्धा, इथेच थांबतात: ३५ टक्के अपंग म्हणजे ३५ टक्के कमाई बुडाली. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे गणित चूक ठरवलं. शरीराचं अपंगत्व वेगळं, कमाईच्या ताकदीचं नुकसान वेगळं. हात गेलेला सरकारी कारकून नोकरीत राहू शकतो, तोच हात सुताराचा किंवा ड्रायव्हरचा गेला तर कमाई जवळजवळ शंभर टक्के जाते. (हे वाचून मला आपण कारकून असल्याचं बरं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.)

डॉक्टर साक्षीला आले. कंपनीच्या वकिलाने विचारलं, बाई चालू शकतात? हो. जेवू शकतात? हो. दुसरं एखादं काम करू शकतात? करू शकतील. मग साहेब उठले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "कात्री धरू शकतात?" डॉक्टरांनी आपलाच अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ आणून दाखवली. म्हणाले, ही दोन बोटं इतकी जवळ येत नाहीत, त्यामुळे कात्री चालणार नाही, सुईत दोराही ओवता येणार नाही. न्यायाधीशांनी ते शब्दशः लिहून घेतलं.

उत्पन्नाचा पुरावा काय? इन्कम टॅक्स रिटर्न नाही, पगाराची स्लिप नाही. ताईंकडे मापाची वही होती. गिऱ्हाइकाचं नाव, छाती, कंबर, बाही, शिलाईची रक्कम, आणि दिवाळीच्या आधीच्या पानांवर दाटीवाटीने दोन-दोन नावं एका ओळीत. ती वही, शिलाई मशीनचं बिल, अस्तर-दोऱ्याच्या दुकानाची बिलं, आणि दोन गिऱ्हाइकं साक्षीदार. ताईंचं म्हणणं महिना २२ हजार, न्यायाधिकरणाने धरले १५ हजार. प्रणय सेठी प्रकरणातल्या २०१७ च्या निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वतःचा धंदा करणाऱ्याला पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवतात. झाले २१ हजार, वर्षाचे २ लाख ५२ हजार. मग सरला वर्मा निकालातला वयाचा गुणक. ३१ ते ३५ वयाला तो १६. एकूण ४० लाख ३२ हजार. मृत्यूच्या दाव्यात मृताचा स्वतःचा खर्च वजा करतात, जखमीच्या दाव्यात नाही, कारण तो जिवंत आहे आणि जेवणार आहे. यावर ३५ टक्के लावले असते तर १४ लाख ११ हजार २०० आले असते. कमाईचं नुकसान ६० टक्के धरलं गेलं, आले २४ लाख १९ हजार २००. शिवाय औषधोपचार, पुढची शस्त्रक्रिया, मदतनीस, रिक्षाभाडं, घरी बसलेल्या महिन्यांची कमाई, वेदना, हे वेगळं. आणि दावा दाखल केल्या तारखेपासून व्याज. दहा लाखांचा फरक एका कात्रीच्या प्रश्नाने पडला. नुसतं घर सांभाळणाऱ्या बाईच्या श्रमालाही दाव्यात किंमत असते, पण ती वेगळ्या हिशेबाने ठरते. ताईंच्या पहिल्या वकिलाने अर्जात 'व्यवसाय: गृहिणी' लिहिलं होतं. ते दुरुस्त करून घ्यायला आम्हाला अर्ज द्यावा लागला.

टॉवरमधल्या नोकरदारांचा प्रश्न वेगळा. "बिल तर मेडिक्लेममधून भागलं, मग मागायचं काय?" मागायचं. २८ मार्च २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलं की मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करता येणार नाही; तुम्ही हप्ते भरलेत ते ट्रकवाल्याच्या सोयीसाठी नव्हे. अडचण एवढीच की मूळ बिलं मेडिक्लेमवाल्यांकडे गेलेली असतात. देण्याआधी संपूर्ण संच झेरॉक्स करून हॉस्पिटलचा शिक्का मारून घ्या. नंतर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमसमोर उभं राहायची पाळी येते ती माझ्यावर.

वॉर्डात येऊन "खर्च काही नाही, जिंकलो तर तीस टक्के" म्हणणाऱ्याला दूर ठेवा. निकालाच्या रकमेत टक्केवारी घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. तसंच मालकाचा माणूस पन्नास हजारांचं पाकीट आणि आधीच टाईप केलेला स्टॅम्पपेपर घेऊन येतो. पेशंटची सही घेऊ देऊ नका, कितीही गोड बोलला तरी. आणि जखमी जर त्याच ट्रकचा क्लीनर किंवा ड्रायव्हर असेल, तर त्याला आणखी एक वाट आहे, कामगार भरपाईची; नोव्हेंबर २०२५ पर्यंत ती १९२३ च्या कायद्याखाली होती, आता सामाजिक सुरक्षा संहितेखाली आहे. एमएसीटी आणि ही वाट यांपैकी एकच निवडता येते, दोन्हीकडे हात मारता येत नाही. क्लीनर पोरांना हे कोणी सांगत नाही, कारण सांगणारा त्यांचा मालकच असतो.

आता पावसाळ्यातल्या फायली. खड्डा चुकवताना दुचाकी आडवी होते आणि मागून येणारा ट्रक वरून जातो. ट्रकचा विमावाला म्हणतो, चूक खड्ड्याची. चूक दोघांची असेल तर जखमीने दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई घ्यावी आणि वाटणी त्यांनी आपसात करावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटलंय. पण खड्ड्याला समन्स कुठल्या पत्त्यावर पाठवायचं, हा प्रश्न वर्षानुवर्षं होताच. १३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघडी मॅनहोलं यांमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख भरपाई ठरवून दिली. महापालिकेच्या हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती ते ठरवणार. आमच्याकडे अशी एक फाईल आली आहे. त्यातल्या मुलाच्या भावाने त्याच संध्याकाळी खड्ड्यात फुटपट्टी उभी धरून फोटो काढला, ते शहाणपणाचं झालं, कारण दोन दिवसांत तिथे डांबर पडलं. रस्ता नक्की कोणाचा, यावर चार यंत्रणांची चार उत्तरं आली. अर्जात आम्ही चौघांचीही नावं घातली आहेत.